एमजीबीचा सेल्फ सुस्त, दिवे मंद: नवा पार्ट घेण्याआधी हे तपासा

जुलै उजाडला की मला ठरावीक फोन येतात. "परवा लोणावळ्यापर्यंत झकास गेली रे, आज सकाळपासून सेल्फ नुसता कण्हतोय." पाठोपाठ दुसरं वाक्यही ठरलेलं असतं: "नवी बॅटरी टाकून बघू का?" नको. निदान आज तरी नको.

माझ्याकडे १९६६ ची एमजीबी आहे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. डायनॅमोवाली (इंजिनवर फिरून बॅटरी भरतो तो), पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं), सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. मी इलेक्ट्रिशियन नाही. पण हा एकच दोष माझ्या गाडीत आणि मित्रांच्या गाड्यांत इतक्यांदा काढलाय की आता फोनवर आवाज ऐकूनही अंदाज येतो. आणि बहुतेक वेळा खराब निघतो तो पार्ट नसतो, सांधा असतो. तांबं जिथे पितळेला टेकतं, पितळ जिथे लोखंडाला टेकतं, ती जागा. खालचं सगळं एमजीबी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, पण एमजीए, ट्रायम्फ आणि आपली स्टँडर्ड हेरल्ड यांनाही थोड्याफार फरकाने लागू पडेल. वायरिंगच्या बाबतीत ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी.

या गाड्यांचं इलेक्ट्रिकचं सामान ल्यूकास कंपनीचं. त्यावरून इंग्रज लोक पूर्वीपासून थट्टा करतात, कंपनीला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. मला ती थट्टा अर्धीच पटते. साठ वर्षं जुन्या वायरिंगला आपण काय काय केलंय ते बघा: मधेच कापून जोडलेला हॉर्न, सेलोटेपने गुंडाळलेला सांधा, फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. त्यानंतरही दिवा लागत असेल तर ल्यूकासचे आभारच मानायला हवेत.

लक्षणं

यांपैकी दोन-तीन एकदम दिसली, तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे:

- किल्ली फिरवली की एकच 'टक', मग शांतता. किंवा सेल्फ दोन वेळा जड वळून थांबतो. अर्ध्या तासाने तीच गाडी एका झटक्यात सुरू.
- हेडलाइट पिवळट. रेस दिली की उजळतात, सिग्नलला थांबलं की विझू विझू होतात.
- ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, किंवा इंडिकेटर दिला की मागचा साइड लाइटही त्याच्याबरोबर डोळे मिचकावतो.
- सेल्फ मारताना चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम होते. (हे असेल तर किल्ली काढा आणि थेट तिसऱ्या तपासणीवर जा.)
- पेट्रोलचा काटा टाकीत आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो.
- आठ दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरलेली.

शेवटचं लक्षण एकटंच असेल तर प्रकरण थोडं वेगळं आहे, त्याचं पुढे सांगतो. बाकीची एकाच कुळातली.

पुण्यात हे पावसाळ्यात का उफाळतं, तेही सांगून टाकतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्या रविवारी सकाळी मिसळीपुरत्या बाहेर पडतात आणि उरलेला आठवडा सोसायटीच्या बेसमेंटमध्ये कव्हर घालून उभ्या असतात. बेसमेंटमध्ये ओल असते, कव्हरखाली ती कोंडते आणि पितळेवर हिरवा थर धरतो. रोज चालणाऱ्या गाडीत जो सांधा तग धरतो, तो उभ्या गाडीत मरतो. त्यात दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीत डायनॅमो सेल्फने खाल्लेलं परत भरूनही देत नाही.

सगळ्यात आधी: अर्थ कोणता?

पाना हातात घेण्याआधी बॅटरीकडे बघा. कुठल्या टोकाची केबल बॉडीला बोल्ट केली आहे? सुरुवातीच्या एमजीबींमध्ये पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. १९६७ च्या अखेरीस मार्क टू आली, तिच्यात डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला आणि अर्थ निगेटिव्ह झाला. पण आरसी बुकवरच्या सालावर जाऊ नका. मधल्या काळात कोणीतरी रेडिओसाठी गाडी निगेटिव्ह करून घेतलेली असते आणि ते कुठेही लिहिलेलं नसतं.

हे इतकं महत्त्वाचं का? कारण पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला आजकालच्या गाडीवरून जंप स्टार्ट देताना दोन गाड्यांचे बंपर जरी एकमेकांना टेकले, तरी सरळ शॉर्ट. आणि अल्टरनेटरवाल्या गाडीत बॅटरी उलटी जोडली तर आतले डायोड क्षणात जातात. दिवे आणि सेल्फला उलट-सुलट काही कळत नाही, ते चालतात. त्यामुळे चूक लगेच लक्षातही येत नाही.

घड्याळ, कडं, अंगठी काढून ठेवा. बॅटरी सोडवताना अर्थची केबल आधी काढायची, जोडताना ती शेवटी. एमजीबीत पेट्रोल पंप बॅटऱ्यांच्या शेजारीच आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगीचं कुठलंही काम तिथेच थांबवा.

पहिली तपासणी: कान आणि डोळे (खर्च शून्य)

गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा आणि समोरच्या भिंतीवर उजेड बघत किल्ली फिरवा. शक्यता तीन.

दिवे एकदम विझले आणि सेल्फचा आवाजही नाही: कुठेतरी मोठ्या केबलचा सांधा तुटक धरलाय. थोडा करंट जातो, जास्त मागितला की हात वर करतो. बहुतेक वेळा बॅटरीच्या खुंटावरच.

दिवे हळूहळू मंदावले आणि सेल्फ जड फिरला: बॅटरी उतरली आहे, किंवा अर्थ कमजोर आहे.

दिवे आहेत तसेच लख्ख, पण सेल्फ हलतच नाही: मोठा करंट निघालाच नाही. म्हणजे सोलेनॉइड (किल्लीच्या इशाऱ्यावर सेल्फचा मोठा करंट जोडणारा स्विच) किंवा इग्निशन स्विचकडे बघायचं. काही जुन्या गाड्यांत सोलेनॉइडला रबरी टोपीखाली बटण असतं, ते हाताने दाबता येतं. दाबल्यावर सेल्फ फिरला तर सेल्फ आणि केबल ठीक आहेत, दोष किल्लीच्या बाजूला.

किल्ली अर्धी फिरवल्यावर मागून टिक-टिक-टिक येऊन थांबते का, तेही ऐका. तो एसयू कंपनीचा पेट्रोल पंप. टिकटिक अजिबात नसेल तर त्याचे आतले पॉइंट काळे पडलेत किंवा त्याला करंट पोचत नाही. पान्याच्या मुठीने हलकेच टकटक केलं की बऱ्याचदा जागा होतो. घरी पोचण्यापुरता हा उपाय ठीक आहे, पण पंप लवकरच उघडावा लागणार हे समजा.

दुसरी तपासणी: बॅटरीचे खुंट (खर्च: खायचा सोडा)

केबल काढा. खुंटावर आणि केबलच्या तोंडात पांढरा-हिरवा थर असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ओता. फसफसणं थांबलं की साध्या पाण्याने धुवा. हे पाणी बॅटरीच्या झाकणांमधून आत जाऊ देऊ नका. कोरडं झालं की पॉलिश पेपरने शिसं चकचकीत दिसेपर्यंत घासा, केबल घट्ट बसवा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग केबल, असं नाही.

जुन्या टोप्यांसारखे टर्मिनल, ज्यांच्यावरून मधोमध एकच स्क्रू जातो, ते असतील तर काढून टाका. दिसायला अस्सल, पण पकड वाईट. इथे मी अस्सलपणाच्या विरोधात आहे.

दोन बॅटऱ्यांची गाडी असेल तर त्या दोघींना जोडणारी छोटी केबल सगळेच विसरतात. तिचीही दोन टोकं साफ करायची आहेत. प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. रात्रभर विश्रांतीनंतर चांगली भरलेली सहा व्होल्टची बॅटरी ६.३ च्या आसपास दाखवते, बारावाली १२.६. बारावालीवर १२.२ दिसलं तर ती साधारण निम्मी उतरलेली आहे. एक ६.३ आणि दुसरी ५.८ असेल, तर एक बॅटरी दुसरीला ओढतेय. तरीही विकत घ्यायला पळू नका. आधी चार्ज करा, एक दिवस थांबा, पुन्हा मोजा.

बॅटरीखालचा पत्राही हाताने चाचपा. पावसाळ्यात मागच्या चाकांनी उडवलेलं पाणी तिथे साचतं आणि ॲसिडचा एखादा थेंब बरोबर असला की पत्रा खाऊन जातो.

तिसरी तपासणी: अर्थ. इथेच बहुतेक गाड्या सापडतात

यासाठी मीटर हवा. तपकीर गल्लीत तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो, तो पुरेसा आहे.

बहुतेक जण मीटर ओहमवर लावून केबल तपासतात, 'बीप' आला की केबल चांगली म्हणतात. ही तपासणी फसवी आहे. केबलच्या शंभर तारांपैकी एकच शाबूत असली तरी बीप येतो. थंड इंजिन फिरवताना सेल्फ सहज दीडशे अँपिअर ओढतो. सांध्यात एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा असला, तरी दीडशे अँपिअरला तिथे दीड व्होल्ट जातात. तीन-चारशेच्या मीटरला ओहमचा शंभरावा भाग दिसतच नाही. दीड व्होल्ट मात्र तो बरोबर दाखवतो. म्हणून करंट वाहत असताना व्होल्ट मोजायचे.

कॉइलवर (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवते ती) इग्निशनकडून येणारी पांढरी वायर काढा आणि टोकाला टेप लावा, म्हणजे गाडी सुरू होणार नाही, नुसती फिरेल. मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या अर्थकडच्या खुंटावर (केबलच्या तोंडावर नव्हे, खुद्द शिशावर), दुसरं टोक इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर. सोबतीला कोणालातरी बसवा आणि पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा.

पाव व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ उत्तम. अर्ध्याच्या वर गेला तर दोष सापडला. आता तो कुठे आहे ते शोधायचं: खुंट ते केबलचं तोंड, केबलचं तोंड ते बॉडी, बॉडी ते इंजिन. जिथे आकडा उडी मारतो तो सांधा काढायचा, दोन्ही बाजू पत्रा चमकेपर्यंत घासायच्या आणि दातेरी वॉशर घालून आवळायचं. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर तिकडे लक्ष देऊ नका, टोकं उलटी लागलीत एवढंच. मग हीच परीक्षा दुसऱ्या बाजूची: बॅटरीचा न-अर्थ खुंट ते सेल्फचा मोठा बोल्ट. तिथेही अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर केबल किंवा सोलेनॉइड.

यातली गंमत अशी की नुकतीच रिस्टोअर केलेली गाडी जुन्या गंजक्या गाडीपेक्षा जास्त फसवते. पेंटरने बॉडी सुंदर रंगवलेली असते आणि अर्थचा बोल्ट त्या रंगावरच आवळलेला असतो. रंग हा उत्तम इन्सुलेटर. पाच थर दिलेत म्हणून आपण पेंटरला शाबासकी देतो आणि सहा महिन्यांनी सेल्फला शिव्या.

आता त्या गरम केबलचं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. दोघांना जोडते ती एक विणलेली पट्टी, इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत. ती तुटली किंवा बसवायची राहिली, तर दीडशे अँपिअर परतीचा दुसरा रस्ता शोधतात आणि तो रस्ता म्हणजे चोकची केबल. सहकारनगरच्या एका मित्राने मला बोलावलं तेव्हा तो नवा सेल्फ मागवायच्या बेतात होता. मी म्हटलं, एकदा मारून दाखव. चोकच्या मुठीपाशी धूर आला. महिन्याभरापूर्वी एका गॅरेजमध्ये क्लचचं काम झालं होतं, इंजिन उतरवलं-चढवलं, आणि पट्टी परत लावायची राहून गेली. आम्ही खाली वाकलो तर एका बोल्टवर ती तशीच लोंबत होती. बारा मिनिटांचं काम. चोकची केबल मात्र आतून वितळून कायमची अडकली होती, ती बदलावी लागली. मित्राचा सेल्फ आजही तोच आहे.

पेट्रोलचा काटा जास्त दाखवतो ते सुद्धा अर्थचंच लेकरू. १९६४ च्या पुढच्या बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डमागे एक छोटी डबी असते, ती गेजला सरासरी दहा व्होल्ट देते. डबीचा अर्थ सुटला की ती पूर्ण बॅटरीचे व्होल्ट सोडते आणि काटा वर सरकतो. पेट्रोल आहे असं समजून कात्रजच्या जुन्या घाटात अडकल्यावर मला हे कळलं.

चौथी तपासणी: फ्यूज

इंडिकेटर, ब्रेक लाइट, वायपर, पेट्रोलचा काटा असं सगळं एकदम गेलं, पण हॉर्न आणि हेडलाइट शाबूत, तर हिरव्या वायरींचा फ्यूज. ल्यूकासच्या रंगांचं व्याकरण एकदा पाठ केलं की अर्धं काम झालं. तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, फ्यूजशिवाय. पांढरी म्हणजे किल्लीनंतर, तीही फ्यूजशिवाय. हिरवी किल्लीनंतर आणि फ्यूजमधून. जांभळी कायम चालू पण फ्यूजमधून, म्हणजे हॉर्नची. लाल साइड लाइटची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची.

फ्यूज उडालेला दिसत नसला तरी काढून त्याची पितळी टोकं आणि क्लिपा घासा. दोन्ही टोकांवर व्होल्ट सारखे यायला हवेत. मी बघितलेल्या अनेक 'उडालेल्या' फ्यूजच्या नुसत्या क्लिपा मळलेल्या होत्या.

एक सावधगिरी. जुन्या ब्रिटिश फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं, तो आकडा वितळण्याचा आहे. सतत वाहण्याची त्याची मर्यादा १७ अँपिअर. दुकानात ३५ मागितला तर आजच्या हिशेबाचा ३५ मिळेल, तो सतत ३५ वाहू देईल, आणि तुमची वायर त्याच्या आधी जळेल. २० च्या आसपासचा घ्या, लांबी जुळते का तेही बघा.

आणि हे लक्षात असू द्या की हेडलाइट, इग्निशन आणि पेट्रोल पंप या गाडीत फ्यूजमधून जातच नाहीत. बॅटरीला आयसोलेटर स्विच (बॅटरी गाडीपासून तोडणारा) बसवा. थोडक्या पैशांत गाडीसाठी याहून चांगलं काही घेता येत नाही.

पाचवी तपासणी: बुलेट कनेक्टर

ग्रिलच्या मागे, हेडलाइटच्या बाजूला आणि डिकीत काळ्या रबरी नळ्या दिसतील, दोन्हीकडून वायरी आत गेलेल्या. आत ४.७ मिलिमीटरच्या पितळी गोळ्या असतात. पुढच्या चाकांचं पाणी नेमकं इथेच उडतं. ताम्हिणीत एका पावसाळी रविवारी गाडी नेली की महिन्याभरात दिवे मंद होतात ते यामुळे.

हेडलाइट दहा मिनिटं लावून ठेवा आणि एकेका नळीला बोट लावा. जी कोमट लागेल तीत व्होल्ट जळतायत. ओढून काढा, गोळी घासा, नळीतला पत्रा सैल झाला असेल तर नळी बदला. दाबून पुन्हा घट्ट करायचा मोह टाळा, चार दिवस टिकतं. घालताना किंचित व्हॅसलीन. हे काम कंटाळवाणं आहे, माझ्या गाडीत त्यात एक अख्खा शनिवार गेला. एका वेळी एकच सोडवून जोडा.

ब्रेकबरोबर इंडिकेटर मिणमिणणं म्हणजे मागच्या दिव्याच्या होल्डरचा अर्थ गेलेला. ब्रेकच्या बल्बला घरी जायचा रस्ता मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या घरातून जातो. दिव्याचे बसवायचे स्क्रू आणि होल्डर साफ केले की संपलं. इंडिकेटरला एलईडी बल्ब टाकले असतील आणि उघडझाप थांबली असेल, तर तो दोष नाहीच. जुना फ्लॅशर गरम होऊन चालतो, एलईडी त्याला तापवायला पुरेसा करंट घेत नाही.

सहावी तपासणी: हेडलाइटचा स्विच

अर्थ आणि बुलेट झाले, तरी दिवे पिवळटच? इंजिन बंद, दिवे चालू, बॅटरीवर मोजा आणि मग बल्बच्या टोकांवर मोजा. माझ्या गाडीत १२.४ आणि १०.५ निघाले होते. पावणेदोन-दोन व्होल्ट म्हणजे फार नाहीत असं वाटेल. पण बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, फार वेगाने कोसळतो. १० टक्के व्होल्ट गेले की सुमारे ३० टक्के उजेड जातो. माझा निम्म्याच्या जवळ आला होता.

मूळ रचनेत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि डिपरमधून फिरून येतो. उपाय म्हणजे दोन रिले, एक हायला आणि एक लोला. जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो, मोठा करंट बॅटरीच्या बाजूने फ्यूजमधून जाड वायरीने थेट बल्बला जातो. रिले आणि जाड वायर नाना पेठेत सहज मिळते. ज्यांना सोल्डर आणि क्रिंप करता येतं त्यांनी हे घरी करावं. ज्यांनी कधीच केलं नाही त्यांनी पहिला प्रयोग हेडलाइटवर करू नये. आणि उजेड कमी म्हणून ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० चे बल्ब टाकू नका. स्विच वितळतो. मी वितळलेला स्विच हातात घेतलाय, प्लॅस्टिकचा वास आठ दिवस गाडीतून गेला नाही.

सातवी तपासणी: चार्जिंग

आधी बेल्ट. मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण अर्धा इंच दबायला हवा. मग गाडी चालू करून, मध्यम रेसवर, बॅटरीवर व्होल्ट मोजा. १३.८ ते १४.४ दरम्यान असेल तर पुढे काही बघू नका. १५ च्या वर गेलं तर गाडी बंद करा, बॅटरी उकळेल.

डायनॅमोवाल्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. आपला डायनॅमो जोरात असताना जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो आणि आयडलला जवळजवळ काहीच देत नाही. संध्याकाळी स्वारगेटपासून कात्रजपर्यंत हेडलाइट, वायपर, प्रत्येक सिग्नलला थांबा. त्या तासाभरात गाडी बॅटरीवरच चालते. आयडलला लाल दिवा मिणमिणणं हा डायनॅमोचा स्वभाव आहे, दोष नाही. रेस दिल्यावरही तो विझला नाही तर दोष.

तेव्हा डायनॅमोची जाड आणि बारीक अशा दोन्ही वायरी काढा, त्याची दोन टर्मिनल एका तारेने एकमेकांना जोडा, मीटर त्या जोडावर आणि डायनॅमोच्या अंगावर लावा. गाडी आयडलला सुरू करून हळूच रेस द्या. व्होल्ट सरसर चढले तर डायनॅमो जिवंत आहे आणि संशय कटआउटवर, म्हणजे डायनॅमोला आवरणाऱ्या डबीवर. २० व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका, कारण आता त्याला आवरणारं कोणी नाही. चढलेच नाहीत तर आधी ब्रश बघा, झिजले असतील.

इथून पुढे माझा हात थांबतो.

गाडी उभ्या उभ्या बॅटरी उतरते

अर्थकडची केबल काढा, आणि केबल व खुंट यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या खाच्यावर लावा. दारं आणि दिवे बंद. या गाड्यांत कॉम्प्युटर नाही, घड्याळ सोडलं तर काहीच चालू नसायला हवं. आकडा दिसला तर एकेक फ्यूज काढत बघा कधी शून्य होतो. फ्यूज काढूनही राहिला तर अल्टरनेटरची वायर काढून बघा, फुटका डायोड रात्रभर करंट गळू देतो. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटर तरी जातो किंवा त्याचा फ्यूज.

इथे थांबा, माणूस बोलवा

तपकिरी वायर काळी पडलेली, कडक झालेली किंवा वितळलेली दिसली, तर अर्थची केबल काढून ठेवा आणि गाडी हलवू नका. तिला फ्यूज नाही, पुढची पायरी आग आहे. वायरीचं आवरण वाकवल्यावर बिस्किटासारखं फुटत असेल तर एकेक वायर बदलण्यात अर्थ नाही, पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा लागेल, आणि ते शनिवार-रविवारचं काम नव्हे. कटआउटचे पॉइंट आणि स्प्रिंग अंदाजाने वाकवू नका. तिथे एक चूक केली की डायनॅमो किंवा बॅटरी जाते, कधी दोन्ही. डायनॅमोचं वाइंडिंग, फुगलेली बॅटरी, पंपापाशी पेट्रोलची गळती, पॉझिटिव्ह अर्थ बदलून निगेटिव्ह करणं ही सगळी जाणकाराची कामं. आणि तोच फ्यूज बदलल्यावर पुन्हा उडाला तर तिसरा लावू नका.

जाणकार म्हणजे फक्त आजच्या गाड्या स्कॅनरने बघणारा नव्हे. नाना पेठेच्या आसपास अजून काही ज्येष्ठ ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत ज्यांनी तरुणपणी फियाट आणि अँबॅसॅडरचे डायनॅमो भरलेत. अशा माणसाकडे गाडी देताना "दिवे मंद आहेत" एवढंच सांगू नका. कुठे किती व्होल्ट मिळाले, काय साफ केलं, काय बदललं ते कागदावर लिहून द्या. माझे इलेक्ट्रिशियन काका तो कागद हातात घेतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "अहो, मग राहिलंय काय आता?" पण वाचतात, आणि सरळ त्या जागी हात घालतात. तपासणीच्या तासाचे पैसे वाचतात.

दुसरं, अर्थ पॉझिटिव्ह असेल तर ते तोंडी सांगून भागत नाही. काकांना सांगितलेलं असतं, पण संध्याकाळी चार्जर लावतो तो त्यांच्याकडचा पोरगा. एकदा तसंच झालं, नशिबाने चार्जर आधी गेला. तेव्हापासून सीटमागच्या बॅटरीच्या झाकणावर मी पांढऱ्या रंगात पाटी रंगवून घेतली आहे: "या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ आहे. लाल-काळ्याचे आपले ज्ञान कृपया बाहेर ठेवून यावे."